टेस्टर गेला कुठे?

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या पोटमाळ्यावर वायरिंग करायचे म्हणजे कौलांखाली उकडून निघत, तुळयांवर डोके आपटून घेत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी चाचपडणे होय, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. खदखद आहे ती टेस्टरबद्दल. लाल वायर फेजची, काळी न्यूट्रलची हा संकेत आधीच्या कुणा महाभागाने धाब्यावर बसवून सगळीकडे काळीच वायर ओढलेली असते, त्यामुळे मेन स्विच बंद केला तरी टेस्टर लावून खात्री केल्याखेरीज २३० व्होल्टच्या वायरीला हात लावण्याची माझी छाती होत नाही. नेमका तेव्हाच, मघाशी मांडीशेजारी ठेवलेला टेस्टर गायब होतो! मग तोंडात टॉर्च धरून कोळिष्टके आणि गणपतीचे जुने मखर उपसावे, शिडीवरून खाली उतरून पिशवी उलटी करावी, घरातल्या काकूंनी "आता आणि काय विसरलासा?" असे विचारावे आणि आपण ओशाळून पुन्हा वर चढावे. काल तो तुळईच्या खाचेत सापडला, हरवू नये म्हणून मीच तिथे खोचलेला. तोवर पक्कड नाहीशी झाली होती.