आयसी बदलून आवाज सुधारतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं की साउंड मिक्सरमधला टीएल०७२ (सिग्नल मोठा करणारा आयसी) काढून त्याच कामाचा ५५३२ बसवला की आवाज सुधारतो हा निव्वळ भ्रम, डोळे बांधून ऐकवलं तर कुणालाच फरक कळणार नाही, आणि मी लोकांना उगाच खर्चात पाडतोय. यातलं अर्धं मला मान्य आहे, आणि ते माझ्या आयसी बदलण्यावरच्या लेखात यायलाच हवं होतं.

लाइन इनपुटला (जिथे कीबोर्ड, प्लेअर असा आधीच मोठा सिग्नल जोडतात) तुमचंच बरोबर. तिथे सिग्नल साधारण १ व्होल्टचा आणि ०७२ चा स्वतःचा नॉइज (आयसीतच तयार होणारा नको असलेला आवाज) जेमतेम अडीच मायक्रोव्होल्ट, म्हणजे सिग्नल ४ लाख पट मोठा, कुणाला काय ऐकू येणार? पण तोच आयसी माइकच्या पहिल्याच स्टेजला असला (स्वस्त मिक्सरमध्ये आयसीच्या आधी ट्रान्झिस्टरची जोडी न देता माइकला थेट आयसीच लावलेला असतो) आणि समोर तानपुरा असला तर माइकमधून १ मिलिव्होल्टसुद्धा येत नाही, मग ते ४ लाख एकदम ४०० च्याही खाली येतात. आमच्या देवळात भजनात बुवा श्वास घ्यायला थांबले की तानपुऱ्यामागे जे सुऽऽऽ ऐकू यायचं ते हेच. ५५३२ चा नॉइज साडेतीन पट कमी, तो तिथे घातल्यावर शेवटच्या रांगेतल्या आजींनासुद्धा फरक कळला.

आता माझी चूक सांगतो. त्या उत्साहात मी १६ च्या १६ चॅनलचे सगळेच आयसी बदलले, टोन कंट्रोलचे पण. ५५३२ करंट जास्त खातो, तासाभरात पॉवर सप्लायचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) इतका तापला की बोट लावता येईना. शिवाय ट्रेबलचा पॉट (फिरवायचं बटण) फिरवला की खरखर, पॉट नवा असूनही! कारण ५५३२ च्या इनपुटला थोडा करंट लागतो, तो पॉटमधून वाहतो, ०७२ ला एफईटी (वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर) इनपुट असल्यामुळे तो करंट जवळपास शून्य. टोनला परत ०७२ लावले, खरखर गेली.

आणि सगळ्या चॅनलचे फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या) खाली, फक्त मास्टर वर, तरी हिस (तोच सुऽऽऽ) येत असेल तर चॅनलमधला आयसी बदलून काहीही होणार नाही. तो हिस सगळे चॅनल जिथे एकत्र येतात त्या समिंग अँपचा (सगळ्यांची बेरीज करणाऱ्या अँप्लिफायरचा). १६ चॅनल जोडलेले असले की तो स्वतःचाच नॉइज १७ पट करतो, मग तुम्ही माइक दोनच लावा नाहीतर सगळे. म्हणून सहा माइकच्या कार्यक्रमाला २४ चॅनलचा मिक्सर नेऊ नका असं मी सांगत असतो.

तुमच्या मिक्सरवर आधी हे फेडर खाली घेऊन बघा, हिस तसाच राहिला तर मॉडेल कळवा, सर्किट मिळालं तर बसून बघू.