एसएसडीच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, आमच्याकडून घेतलेल्या एसएसडीबद्दलचा (पीसीत फाइली साठवायचा ड्राइव्ह) तुमचा १ स्टारचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुमचं म्हणणं की दोष कंपनीला माहीत होता, दुकानदाराला माहीत होता, फक्त पैसे मोजणाऱ्याला माहीत नव्हता आणि त्यापायी हळदीचे फोटो गेले. माझ्याबद्दलचं यातलं अर्धं खरं आहे म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

तुम्ही पहिल्यांदा पीसी आणलात तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. पीसी स्लीपमधून उठला की एसएसडी बायोसमध्येच (विंडोजच्या आधी चालू होणारा पीसीचा मूळ प्रोग्रॅम) दिसेना, आम्ही स्लॉट साफ केला, विंडोज परत टाकली, चालू झाला म्हणून दिला. पण मग त्याच मॉडेलचे अजून दोन ड्राइव्ह तीच तक्रार घेऊन आले आणि कंपनीच्या साइटवर नवीन फर्मवेअर (ड्राइव्हच्या आत चालणारा प्रोग्रॅम) दिसलं, खाली कारण काय लिहिलंय तर "स्टॅबिलिटी सुधारली". बास. काय बिघडत होतं, ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलर चिपचा दोष की अजून कसला, कुठल्या बॅचला, डेटा जाऊ शकतो का, एक अक्षर नाही. डिस्ट्रिब्युटरला फोन केला तर म्हणे लेखी काही आलेलं नाही, तुम्ही कशाला बोंब मारताय. आणि मी ११ दिवस गप्प बसलो, त्यातच तुमचा ड्राइव्ह गेला. बॅकअप घ्या एवढा एक फोन करायला पाहिजे होता, नाही केला. चुकलं.

आमच्या दुकानातला पोरगा म्हणतो चिपमध्ये दोष असायचेच, कंपनी तरी काय करणार. असायचेच, मान्य, प्रोसेसरच्या दोषांची तर कंपन्या स्वतःच यादी छापतात, इराटा म्हणतात त्याला, पानंच्या पानं असते. पण दोष असणं वेगळं, लपवणं वेगळं. १९९४ ला इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचा भागाकार चुकत होता, भागाकारासाठी चिपमध्ये असलेल्या टेबलातल्या ५ नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागून परत तेवढ्यानेच गुणलं आणि मूळ आकड्यातून वजा केलं तर शून्य यायच्या जागी २५६ यायचे. इंटेलला हे आधीच कळलं होतं, बोलले नाहीत. व्हर्जिनियातले थॉमस नाइसली म्हणून गणिताचे प्रोफेसर, त्यांनी स्वतःच्या आकडेमोडीत पकडलं आणि इतरांना कळवलं तेव्हा बोभाटा झाला, त्यावर इंटेलचं उत्तर काय तर साध्या माणसाला ही चूक २७,००० वर्षांत एकदा दिसेल, आणि चिप बदलून पाहिजे तर आधी गरज आहे हे पटवून द्या. (हे वाचलं की मला आमचा डिस्ट्रिब्युटरच आठवतो.) शेवटी २० डिसेंबरला माफी मागून मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं, खर्च ४७.५ कोटी डॉलर.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. २०११ च्या जानेवारीत इंटेलच्याच सँडी ब्रिज प्रोसेसरबरोबरच्या चिपसेटमध्ये (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप) घोळ निघाला, साटाचे, म्हणजे ड्राइव्ह जोडायचे, २ ते ५ नंबरचे पोर्ट हळूहळू खराब होणार होते, ० आणि १ ठीक. माल बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता, बहुतेकांना काही जाणवलंही नव्हतं, तरी ३१ जानेवारीला इंटेलने स्वतःहून जाहीर केलं, माल थांबवला, दुरुस्ती आणि बदलीसाठी ७० कोटी डॉलर बाजूला काढले. पैसे जास्तच गेले म्हणा, पण कुठला पोर्ट वापरायचा हे तरी लोकांना वेळेवर कळलं. तुमच्या एसएसडीवाल्यांनी एवढी एक ओळ लिहिली असती तर मीच तुम्हाला स्लीप बंद ठेवायला सांगितलं असतं.

कंपनीचं नाव इथे टाकत नाही, कंपनीकडे वॉरंटीचा क्लेम अजून चालू आहे. ते ड्राइव्ह विकणं बंद केलंय, आणि ज्या १४ जणांनी आमच्याकडून घेतलेत त्या सगळ्यांना मी काल-परवा स्वतः फोन केले, दोघांचे लागले नाहीत, परत लावतोय.

बुधवारी दुकान बंद असतं, गुरुवारी ११ नंतर या. दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह तुमच्या नावाने काढून ठेवलाय, पैसे नाहीत. गेलेला डेटा परत काढून देणाऱ्या रिकव्हरीवाल्याचं बिल आणा, ते मी भरतो, फोटो निघोत न निघोत. तो जुना ड्राइव्ह तोवर कुठे लावू नका, फॉरमॅट तर अजिबात मारू नका. बॉक्स फेकला असेल तरी चालेल, सिरियल नंबर माझ्याकडच्या बिलावर आहे.