साथीत सापडण्यापूर्वी वाचावे असे काही

साथ येणार हे नक्की. कोणती आणि कधी ते तज्ज्ञ पाहतील, तुम्ही आपली तयारी करा. मागच्या खेपेला, करोनात, पुष्कळांनी तांदूळ, डाळ आणि साबण भरून ठेवले आणि तिथेच फसले. ओळख भरून ठेवायची राहून गेली.

सुरुवात कायद्यापासून करा. घाबरू नका, १८९७ चा साथरोग कायदा मुळात चार कलमांचा आहे. गॅसवर चहा ठेवून वाचायला बसलात तर उकळी फुटायच्या आत संपतो. पहिल्या कलमात नाव-गाव. दुसऱ्यात सरकारने गरज वाटेल ते करावे. तिसऱ्यात जो ऐकणार नाही त्याला शिक्षा. चौथ्यात हे सारे सद्भावनेने करणाऱ्यावर कोणी दावा लावायचा नाही. कोंडलेल्या माणसाला जेवण कोणी द्यायचे, त्याची बुडालेली मजुरी कोणी भरायची, ‘मला काही झालेले नाही हो’ हे त्याने कोणापुढे जाऊन सांगायचे, याबद्दल चकार शब्द नाही. २०२० मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि डॉक्टर-नर्सवर हात टाकणाऱ्याला कडक शिक्षा आली. यायलाच हवी होती. त्याच बैठकीत कोंडलेल्यांसाठीही एखादी ओळ लिहिता आली असती, पण शाई कमी पडली असावी. मतदानाची शाई तेव्हा विमानतळावर लोकांच्या डाव्या हातावर अलगीकरणाचे शिक्के मारण्यात गुंतली होती.

यानंतर जन्म कोणत्या बाजूला घ्यायचा ते ठरवा. १८९७ च्या पुण्यात, प्लेगच्या साथीत, हा प्रश्न सोपा होता. प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत शिरत, माणसे तपासत, सामान रस्त्यावर आणून जाळत. रोग्याची रवानगी संगमाजवळच्या इस्पितळात, घरच्यांची स्वारगेटच्या छावणीत. (स्वारगेटला माणसे अडकून पडण्याची परंपरा एवढी जुनी आहे, हे एस.टी.ची वाट पाहताना लक्षात असू द्यावे.) प्लेग खरा होता, माणसे पटापट मरत होती, वेगळे ठेवण्यात तथ्यही होते. लोक चिडले ते देवघरात बूट गेले म्हणून, आणि विचारायची सोय नव्हती म्हणून. पुढे गणेशखिंडीत काय झाले ते शाळेच्या पुस्तकात आहे. कायदा मात्र आपण जपून ठेवला. साहेब गेला तरी त्याचे कपाट कोणी टाकून देते का?

आता स्वराज्य असल्याने बाजू निवडण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे. शक्यतो असे कुटुंब निवडा ज्याच्यासाठी गृहखात्यातून पत्र निघू शकते. एप्रिल २०२० मध्ये, आपण दुधाला बाहेर पडताना काठीचा अंदाज घेत होतो तेव्हा, असेच पत्र घेऊन पाच गाड्यांतून तेवीस माणसे खंडाळ्याहून महाबळेश्वरला निघाली. कारण कौटुंबिक निकड. थंड हवेच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्याची निकड ज्याला कळत नाही, त्याने गरिबीतच राहावे. शेवटी त्यांनाही पाचगणीत अलगीकरणात ठेवले म्हणे. पाचगणीत! आम्ही लग्नानंतर चार दिवस पैसे भरून राहिलो होतो तिथे.

हे जमत नसेल तर कोकणातले चाकरमानी व्हा आणि अलगीकरणासाठी गावच्या शाळेत जा. सतरंजी घरून न्या. माझे चौदा दिवस चौथीच्या वर्गात गेले. फळ्यावर मार्चमधली तारीख आणि पटसंख्या तशीच होती: हजर १९, गैरहजर २. डबा फाटकाबाहेर ठेवून वहिनी लांबून हाक मारायच्या आणि आम्ही कैऱ्या मोजल्यासारखे दिवस मोजायचो. विषाणूची शिस्त मला तिथे कळली. मे महिन्यात त्याला चौदा दिवस लागत. ऑगस्टमध्ये गणपती आले तसा तो दहा दिवसांत आवरू लागला. बारा तारखेपर्यंत पोचा, दहा दिवस बसा, बाविसाव्याला चतुर्थी. एवढे पंचांग पाळणारा रोग पुन्हा होणे नाही.

स्वातंत्र्यवीर व्हायचे असेल तर तोही मार्ग आहे. हातावर ताजा शिक्का घेऊन गरीब रथात चढा. मार्च २०२० मध्ये चौघे असे चढले होते. पालघरला सहप्रवाशांनी शिक्का पाहिला आणि त्यांना उतरवून घेतले. आपला खोकला हा आपला मूलभूत हक्क आहे, हे डब्यातल्या बाकीच्यांना पटवून द्यायची तयारी मात्र हवी. घटनेचे कलम २१ पाठ असावे आणि रुमाल विसरलेला असावा.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका: रक्तदान. गोव्यातल्या डॉमिनिक डिसूझाने ती चूक केली. नियमाने रक्त द्यायचा. १९८९ साली त्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि गोव्याच्या आरोग्य कायद्यात अशांना वेगळे ठेवण्याचे कलम होते. पोलिसांनी बोलावले, आणि मग क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात ६४ दिवस एकटा. हा रोग हात लावून, शेजारी बसून होत नाही, हे तेव्हाही ठाऊक होते. त्याची आई मुंबई उच्च न्यायालयात गेली. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित समोरासमोर आले तर हक्काने माघार घ्यावी, असा निकाल लागला. कलम टिकले. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला.

तर पिशवीत सतरंजी, तांब्या, आधार कार्डाच्या दोन प्रती आणि चार्जर. गृहखात्यात कोणी ओळखीचे असेल तर चार्जर नको, तिथे असतो.