खरं वय सांगणारं पोर चुकलेलं नाही

‘मुलांना भोळं नको, व्यवहारी बनवा’ असा एक मेसेज सध्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. त्यात चार सल्ले आहेत: मूल जन्मतः स्वार्थी असतं हे धरून चाला, डबा वाटू देऊ नका, एसटीत खरं वय सांगणाऱ्या मुलाला समज द्या आणि मुलांनी मदत केली तर पैसे द्या. तो वाचून माझ्या बहिणीने भाच्याला डब्यातलं कुणाला द्यायचं नाही अशी ताकीद दिली, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

चार सल्ल्यांपैकी तिसरा सगळ्यात घातक. एसटीत मुलाने कंडक्टरसमोर खरं वय सांगितलं आणि तिकीट काढावं लागलं, तर घरी आल्यावर त्याला समज द्या म्हणे! एसटीत पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पुढे बारापर्यंत अर्धं. म्हणजे अर्ध्या तिकिटाच्या पैशांसाठी सहा वर्षांच्या पोराने चारचौघांत ‘मी साडेचारचा’ म्हणायचं. आपण सहा वर्षांचे झालो याचा त्याला केवढा अभिमान असतो! तो खरं बोलला तर आईबापांनी मुकाट्याने पैसे काढावेत आणि पुन्हा वय चोरू नये. समज कुणाला हवीय इथे?

‘एवढ्याशा खोट्याने काय होतं’ म्हणणाऱ्यांसाठी सांगते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांनी तीन ते सात वर्षांच्या १८६ मुलांवर प्रयोग केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना ‘शेजारच्या खोलीत वाडगाभर गोळ्या आहेत’ असं सांगून नेलं आणि मग ती थाप होती हे कबूल केलं. नंतर सगळ्यांनाच, मागे ठेवलेलं खेळणं वळून बघू नका, असं बजावून एकटं सोडलं. पाच ते सात वयाच्या, न फसवलेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के वळली आणि वळलेल्यांपैकी साधारण तेवढेच टक्के नंतर ‘बघितलं नाही’ असं खोटं बोलली. फसवलेल्यांत ८० टक्क्यांच्या आसपास वळली, आणि त्यातली जवळपास ९० टक्के खोटं बोलली. त्याहून लहान मुलांत हा फरक दिसला नाही. म्हणजे शाळेत जायच्या वयाचं पोर आपल्या थापांची नोंद घेतं. एका परक्या माणसाच्या एका थापेने एवढं होत असेल, तर रोज ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ ऐकणाऱ्या पोराचं काय होईल?

डब्याच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. कुणी दमदाटी करून डबा खात असेल, किंवा एखाद्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर लक्ष घालायलाच हवं. पण मनापासून अर्धी पोळी देणाऱ्याला अडवायचं कशाला? ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २०१२ च्या प्रयोगात दोन वर्षांखालची मुलं खाऊ मिळाल्यापेक्षा तो बाहुलीला देताना जास्त खूश दिसली, आणि स्वतःच्या वाट्यातला देताना आणखीच. आपण मात्र आहेराचं पाकीट भरताना मागच्या लग्नाची वही काढतो.

‘मूल जन्मतः स्वार्थी असतं’ या पहिल्या सल्ल्यावर वेळ घालवत नाही. दीड वर्षाचं पोर आपल्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देतं, हे कुणीही घरी बघावं.

शेवटचा सल्ला, ‘मदतीचे पैसे द्या, फुकट राबायची सवय नको’. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांत नेमकं हेच तपासलं. मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुलं पुढे कमी मदत करू लागली. नुसतं कौतुक झालेली किंवा काहीच न मिळालेली पूर्वीसारखीच धावून येत राहिली.