कपाशीची गुणसूत्रं 'दुप्पट' केली कोणी?

सरकी लावायचे दिवस जवळ आले की यवतमाळ-वर्ध्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. गावरान कपाशीत गुणसूत्रं २६, बीटीत ५२. कंपन्यांनी ती प्रयोगशाळेत दुप्पट केली. हे निसर्गाविरुद्ध आहे, म्हणूनच घरचं बी चालत नाही आणि बीटीचे पराग उडून गावरानही बाटते.

त्यातले दोन्ही आकडे खरे आहेत. खरं तेवढंच.

'कंपन्यांनी दुप्पट केली.' भारतात बीटीला परवानगी मिळाली २००२ मध्ये. त्याआधी १९७० मध्ये सुरतेहून आलेल्या एच-४ या संकरित वाणातही ५२च होती. पूर्वी बीटीच्या पाकिटासोबत नॉन-बीटी सरकीची वेगळी पुडी यायची, शेताच्या कडेनं लावायला, तिच्यातही ५२. बीटी म्हणजे जिवाणूचा जनुक गुणसूत्रात बसवलेला, त्यानं गुणसूत्रांची संख्या बदलत नाही. दुप्पट झाली ती दहा-वीस लाख वर्षांपूर्वी, माणसानं शेती सुरू करण्याच्या कितीतरी आधी. आफ्रिका-आशियाकडच्या एका कपाशीचं बी समुद्रापार अमेरिकेत पोचलं, तिथल्या रानकपाशीशी तिचा संकर झाला आणि दोघींची २६-२६ गुणसूत्रं पूर्णच्या पूर्ण नव्या झाडात राहिली. त्या रानकपाशीची आजची सगळ्यात जवळची नातलग पेरूत आहे, आणि गंमत अशी की तिच्या सरकीवर कातण्याजोगा धागाच नसतो. दुसरा अर्धा वाटा आपल्या गावरानच्या भाऊबंदांचा. ही ५२ वाली म्हणजेच 'अमेरिकन' कपाशी, बीटीही तिच्यातलीच. तिला मेसेजवाले शिव्या घालतात, पण ती निम्मी आपल्याच भावकीतली.

'निसर्गाविरुद्ध.' एरवी झाडात गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. पण पोळीच्या गव्हात सहा संच मिळून ४२ गुणसूत्रं, भुईमुगात चार संचांची ४०, केळीत तीन संचांची ३३. पुढे बोलायची गरज नाही.

'घरचं बी चालत नाही.' दरसाल पाकीट विकत घ्यावं लागतं, ही तक्रार रास्त आहे. पण त्याचं कारण संकर. संकरित झाडाची सरकी लावली की पुढच्या पिढीत कुठलं झाड उंच, कुठलं बुटकं, बोंडं लहानमोठी. ५२ गुणसूत्रांच्याच सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाची सरकी लावा, झाडं आईबापासारखीच येतात.

'पराग उडून गावरान बाटते.' एक तर कपाशीचे पराग जड आणि चिकट. ते वाऱ्यानं उडत नाहीत, मधमाशीच्या अंगाला लागून जातात. दुसरं म्हणजे बी धरताना प्रत्येक झाड आपली निम्मीच गुणसूत्रं देतं, म्हणून गावरानकडून १३ आणि अमेरिकनकडून २६ मिळून ३९ होतात. असं बी मुळात क्वचितच धरतं. धरलंच तर त्या झाडात तेरांना जोडीदार मिळत नाही आणि झाड वांझ निघतं. आपल्या गावरानचं बी राखायचं असेल, तर नजर ठेवायची ती शेजारच्या दुसऱ्या गावरान वाणावर. दोघांची २६, संकर बिनबोभाट होतो आणि पुढच्या वर्षी वाणात भेसळ दिसते. धुऱ्यापलीकडची बीटी त्यात कुठंच नसते.