अमेरिकेला फुटबॉल पेलेने शिकवला म्हणे!

मेसी मायामीला गेल्यापासून एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. कुठलीही मोठी स्पर्धा जवळ आली की त्याला पुन्हा पालवी फुटते. मजकूर थोडक्यात असा: 'अमेरिकेला फुटबॉल ठाऊकच नव्हता. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉसकडून खेळायला गेला, तेव्हा कुठे तिथल्या लोकांनी हा खेळ पाहिला. त्याआधी खेळायचे ते फक्त बोटीतून उतरलेले परदेशी. १९५० च्या विश्वचषकात इंग्लंडला हरवलं तेही भाडोत्री खेळाडूंनी. तारेत चूक झाली असं समजून इंग्लंडच्या पेपरांनी "इंग्लंड १०-१ ने विजयी" छापलं. आजही तिथे हा पैशाने विकत आणलेला खेळ आहे, मातीतला नाही.'

याचं उत्तर द्यायला अख्खी अमेरिका पालथी घालायची गरज नाही. मिसिसिपीच्या काठावरचं सेंट लुईस हे एक शहर पुरेसं आहे.

पहिला मुद्दा पेलेचा. पेलेचा जन्म १९४० चा. त्याच्या ३६ वर्षं आधी, १९०४ मध्ये, सेंट लुईसला ऑलिम्पिक झालं आणि नोव्हेंबरात तिथे फुटबॉलचे सामने झाले. संघ तीनच. एक कॅनडाचा गॉल्ट, आणि बाकीचे दोन्ही सेंट लुईसचेच: ख्रिश्चन ब्रदर्स कॉलेज आणि सेंट रोझ पॅरिश, म्हणजे एक कॉलेज आणि एक चर्च. गॉल्टने कॉलेजला ७-० आणि चर्चला ४-० असं धुतलं. लाज वाटावी असेच आकडे आहेत, पण हरायला आधी खेळावं तरी लागतं. ज्या फ्रान्सिस फील्डवर हे सामने झाले ते वॉशिंग्टन विद्यापीठाचं मैदान अजून वापरात आहे.

पुढे १९०७ पासून तीस वर्षं या शहरात खेळाडूंना पैसे देणारी लीग चालली. तिची खरी गंमत संघांच्या नावांत आहे. बेन मिलर्स हे नाव टोप्यांच्या कंपनीचं. स्कलिन स्टील हा पोलादाचा कारखाना. स्टिक्स, बेअर अँड फुलर हे कापडचोपडापासून सगळं विकणारं मोठं दुकान. त्यांच्या संघाने १९३३ आणि १९३४ चा राष्ट्रीय चषक जिंकला, मग संघ एका बिअर कंपनीकडे गेला आणि १९३५ चाही चषक त्याच खेळाडूंनी सेंट्रल ब्रुअरीज या नावाने घरी आणला. ती लीग बंद पडल्यावरही हीच रीत राहिली. सिम्पकिन्स-फोर्ड हे मोटारींचं दुकान, त्यांनी १९४८ आणि १९५० ला बाजी मारली. १९५७ चा विजेता संघ कुटिस, आणि कुटिस हे अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणाऱ्यांचं नाव. टोपीपासून तिरडीपर्यंत शहरातला प्रत्येक धंदा फुटबॉलच्या छातीवर होता. हे सगळं पेले अमेरिकेत येण्याच्या आधीचं.

'खेळायचे ते परदेशीच' हा दुसरा मुद्दा पूर्वेकडच्या काही गावांना थोडाफार लागू पडतो. तिथल्या गिरण्या आणि गोद्यांच्या संघांत स्कॉटिश, इंग्लिश खेळाडूंचा भरणा असायचा. सेंट लुईसची ओळखच उलटी. १९२० मध्ये बेन मिलर्सनी मॅसॅच्युसेट्सच्या फोर रिव्हर या जहाजबांधणी कारखान्याच्या संघाला २-१ ने हरवून राष्ट्रीय चषक जिंकला, तो अमेरिकेतच जन्मलेल्या पोरांच्या जिवावर. आईबाप आयरिश, जर्मन, इटालियन असतील. पोरं त्याच गल्ल्यांत वाढलेली.

आता १९५० कडे येऊ, कारण मजकुरातला सगळ्यात चवीने वाचला जाणारा भाग हाच. २९ जून, ब्राझीलमधलं बेलो होरिझोन्ते, अमेरिका १, इंग्लंड ०. (याच स्पर्धेत आपला संघ पात्र ठरूनही गेला नाही, आणि 'अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून गेलो नाही' ही दंतकथा आपण अजून सांगतो. तेव्हा दुसऱ्यांच्या दंतकथांना हसताना जरा जपून.) गोल करणारा जो गेटजेन्स हैतीचा, कर्णधार मॅकिल्वेनी स्कॉटलंडचा, जो मका हा खेळाडू बेल्जियमचा, हे खरंच. तिघांनी अमेरिकी नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केला होता आणि त्या वेळच्या अमेरिकी संघटनेच्या नियमात ते बसत होतं. पण मैदानावर अकरा जण असतात. त्यातले पाच एकट्या सेंट लुईसचे: गोलकीपर फ्रँक बोर्गी, हॅरी किओ, चार्ली कोलंबो, जिनो परियानी आणि फ्रँक वॉलेस. किओ सोडून बाकी चौघे 'द हिल' या एकाच इटालियन वस्तीतले.

भाडोत्री म्हणायचं तर यांची भाडी बघा. किओ टपाल खात्यात पत्रं वाटायचा. बोर्गी काकाकडे शववाहिका चालवायचा. त्याआधी त्याने महायुद्धात जखमींची शुश्रूषा केली होती आणि बेसबॉलही खेळून पाहिला होता. पायाने चेंडू मारण्यात तो कच्चा, हाताने मात्र लांब फेकायचा, म्हणून गोलमध्ये उभा राहिला. चार-पाच गोलांवर निभावलं तरी पुरे, अशा बेताने तो त्या दिवशी उतरला होता. कोलंबो सामन्यात हातमोजे घालायचा, म्हणून त्याला सगळे 'ग्लोव्ह्ज'च म्हणत. शेवटच्या काही मिनिटांत इंग्लंडचा मॉर्टेनसन गोलकडे सुटला तेव्हा या कोलंबोने त्याला पेनल्टी क्षेत्राच्या जरा बाहेर सरळ आडवा केला. फ्री किक रॅम्झीची, हेडर मलनचा, आणि बोर्गीने चेंडू ऐन रेषेवरून बाहेर लोटला. इंग्लंडचे खेळाडू गोल झाला म्हणून हात वर करून उभे, पंचांनी मानलं नाही. संपलं.

राहता राहिला तो १०-१ चा मथळा. इतकी वर्षं लोक तो सांगताहेत, पण कुठल्या पेपरात, कुठल्या पानावर, हे कोणी दाखवत नाही. अमेरिकेतून हा सामना बघायला गेलेला बातमीदार मात्र एकच होता, 'सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच'चा डेंट मॅकस्किमिंग, आणि तोही रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने. या शहराबद्दल मला एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी हीच सांगेन.

'मातीतला नाही' म्हणणाऱ्यांनी पॅरिश लीग काय होती ते पाहावं. कॅथलिक चर्चची शाळा, तिचं पटांगण, आणि शेजारच्या पॅरिशच्या पोरांशी वैर. गोव्यातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथून वर येणारी मुलं सेंट लुईस विद्यापीठात जायची. अमेरिकी कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा १९५९ ला सुरू झाली; पहिल्या १५ वर्षांत या एका विद्यापीठाने दहा विजेतेपदं घेतली, त्यातलं १९६७ चं मिशिगन स्टेटबरोबर वाटून. शेवटच्या पाचांच्या वेळी प्रशिक्षक होता तोच पत्रं वाटणारा हॅरी किओ.

आणि आता माती वेगळी झाली तरी पीक येतंच आहे. १९९० च्या दशकात युद्धातून पळालेली बोस्नियन कुटुंबं मोठ्या संख्येने इथे आली. त्यांच्यातला वेदाद इबिशेविच इथल्या रूझवेल्ट हायस्कूलकडून आणि मग याच विद्यापीठाकडून खेळला. २०१४ मध्ये ब्राझीलच्या माराकाना मैदानावर अर्जेंटिनाविरुद्ध बोस्नियाचा विश्वचषकातला पहिला गोल त्याने मारला. महिलांमध्ये बेकी सॉअरब्रन, जिंकलेले विश्वचषक दोन, घर सेंट लुईस.

पैशाच्या मुद्द्यावर मात्र मी भांडणार नाही. मेजर लीग सॉकर ही अमेरिकेची मुख्य लीग १९९६ ला सुरू झाली आणि या शहराला संघ मिळायला २०२३ उजाडलं. १९५० ला साडेआठ लाखांच्या वर असलेली शहराची वस्ती २०२० ला तीन लाखांवर आली होती. पॅरिश ओस पडल्या, लोक उपनगरांत गेले. २०१७ ला स्टेडियमसाठी ६ कोटी डॉलरचा सरकारी पैसा मतदारांनी नाकारला. शेवटी स्थानिक धनाढ्य टेलर कुटुंबाने खिसा मोकळा केला. सेंट लुईसचे अभिमानी 'हा साऱ्या शहराचा खेळ' म्हणतात, तेही मी तसंच्या तसं घेत नाही. नवं स्टेडियम ज्या भागात आहे तिथे मिल क्रीक व्हॅली ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती, सुमारे २० हजार माणसांची; १९५९ पासून ती जमीनदोस्त केली गेली, त्याच वर्षी विद्यापीठाने पहिलं विजेतेपद घेतलं. तिचं स्मारक आता स्टेडियमच्या शेजारी उभं आहे.

सेंट लुईस सिटी या नव्या संघाने पहिल्याच मोसमात पहिले पाचही सामने जिंकले आणि पश्चिम विभागात पहिला नंबर पटकावला. मग प्लेऑफमध्ये जुना वैरी, कॅन्सस सिटी, समोर आला आणि दोन्ही सामन्यांत हरवून गेला. २०२६ च्या विश्वचषकाचे सामनेही कॅन्सस सिटीलाच मिळाले, सेंट लुईसला एकही नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांना टोमणाच मारायचा असेल तर हा घ्या, निदान खरा तरी आहे.