पेपर नेमकं काय मोजतो?

माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर अजून तोच वाद चालू आहे: पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा हवी की नको. २०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं. २०१९च्या दुरुस्तीने राज्यांना मोकळीक मिळाली, २०२३ मध्ये महाराष्ट्राने या दोन इयत्तांची परीक्षा परत आणली. नापास झालं तर पुन्हा परीक्षा, तीही गेली तर तोच वर्ग. काही जण म्हणतात, ढकलगाडी थांबली, बरं झालं. काही म्हणतात, अशाने गरिबाचं पोर शाळाच सोडेल. मला दुसरं म्हणणं पटतं. पण पेपर नेमकं काय मोजतो, हे दोन्हीकडचं कुणीच विचारत नाही.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुलं घरी इंग्रजी बोलत नाहीत. इथे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची जूनमध्ये पाढ्यांची सरकारी चाचणी असते. पडद्यावर २५ प्रश्न येतात, प्रत्येकाला ६ सेकंद. आठ महिन्यांपूर्वी आलेल्या, घरी तिग्रिन्या ही पूर्व आफ्रिकेतली भाषा बोलणाऱ्या एका मुलाने त्यातले २४ बरोबर सोडवले. त्याच आठवड्यात शाब्दिक उदाहरणांच्या पेपरात त्याला २० पैकी ३ मिळाले.

मी त्याला शेजारी बसवलं. पहिल्याच प्रश्नात लिहिलं होतं, ‘टेबल पाहा’. इंग्रजीत कोष्टकालाही टेबलच म्हणतात. तो समोरच्या टेबलाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी कोष्टकावर बोट ठेवलं, काय विचारलंय ते हातवाऱ्यांनी सांगितलं. त्याने लगेच पेन्सिल उचलली आणि उत्तर लिहिलं. बरोबर होतं. ते ३ गुण गणिताचे नव्हतेच.

अकराव्या वर्षी इथे देशभर एकच परीक्षा होते. नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलासाठी तिच्यातला गणिताचा पेपर त्याच्या भाषेत सांगायची परवानगी आहे. वाचनाच्या पेपरात ती नाही, कारण तिथे इंग्रजी वाचनच तपासायचं असतं. काय तपासायचं हे आधी ठरतं, सवलत त्यावरून ठरते. आणि निकाल काहीही लागो, मूल पुढच्या शाळेत जातं. परीक्षा घेणं आणि मुलाला मागे ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या वादात त्यांची गाठ अशी बसलीय की एकीबद्दल बोलताना आपोआप दुसरीबद्दलच बोललं जातं.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. त्या परीक्षेच्या आधीचे कितीतरी महिने सराव पेपरांत जातात, चित्रकला आणि संगीत मागे पडतं. मुलाचं इंग्रजी कितपत आलंय हे पाच टप्प्यांत कळवणं २०१६ मध्ये शाळांना सक्तीचं केलं होतं, २०१८ मध्ये ती सक्ती उठवली. तेव्हा अनेक शिक्षकांना सुटल्यासारखं वाटलं. मला ती मोठी चूक वाटते, कारण ती नोंद हाती असती तर त्या ३ गुणांचा अर्थ पहिल्या दिवशी कळला असता.

इकडे येण्याआधी मी नंदुरबार जिल्ह्यात सहा वर्षं शिकवत होते. चौथीतल्या एका मुलीने परिसर अभ्यासाच्या पेपरात झाडांच्या नावांचा प्रश्न कोरा सोडला होता. तिला झाडं माहीत होती, वीस तरी. कुठलं कधी फुलतं, कशाच्या पाल्याने जखम भरते, सगळं. पण तिला नावं पावरीत, म्हणजे तिच्या घरच्या आदिवासी भाषेत, यायची आणि पेपर मराठीत होता. सातत्यपूर्ण मूल्यमापन, म्हणजे फक्त लेखी पेपरावर न थांबता वर्षभर वेगवेगळ्या मार्गांनी मुलाला तपासणं, तेव्हा लागू होतं, तोंडी विचारायची पूर्ण मुभा होती. मी विचारलं नाही. तिला ‘ड’ श्रेणी दिली. त्याची रुखरुख अजून जात नाही.

वर्गात चाळीस पोरं, दोन इयत्ता एकत्र, एकेकाला विचारायला वेळ कुठून आणायचा, असं गटावर मला सुनावतात. खरं आहे ते, मी स्वतः तसे वर्ग घेतलेत. म्हणून सगळ्यांना विचारा असं मी म्हणतच नाही. जे मूल नापासाच्या काठावर आहे, त्याला तोच वर्ग पुन्हा देण्याआधी दहा मिनिटं त्याच्या भाषेत विचारा. ती भाषा आपल्याला येत नसेल तर वरच्या वर्गातला भाऊ, अंगणवाडीतल्या ताई, कुणालाही शेजारी बसवा. आणि ते उत्तर निकालात धरायची परवानगी शिक्षकाला लेखी द्या. पुढच्या परीक्षेआधी एवढं एक परिपत्रक निघावं, ही माझी मागणी आहे.